इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी

मुरारमध्ये गाड्यांना स्टिरिओ बसवायचं माझं काम. नवा सेट घेऊन गेलेलं गिऱ्हाईक दोन दिवसांनी परत आलं की तोंडाने आवाज काढून दाखवतं. कुणी ‘सूंऽऽ’ करतं, कुणी ‘खर्र’. नक्कल बहुतेक वेळा बरोबर असते, म्हणून मी ती आधी नीट ऐकून घेतो. पेचकस नंतर.

टिकटिक रेसबरोबर जलद होत असेल तर बॉनेट उघडून प्लगच्या वायरी बघायच्या. इंजिन बंद असतानाही सळसळ येत असेल तर अँपचा गेन कुणीतरी पार शेवटपर्यंत फिरवलेला असतो (हा कुणीतरी बहुधा मालकाचा भाचा). फोन चार्जिंगला लावून ऑक्सच्या वायरीने गाणी ऐकताना शिट्टी वाजते आणि चार्जर काढला की थांबते, याचे मी पैसेही घेत नाही.

मागच्या मे महिन्यात लष्कर भागातले एक काका जुनी मारुती ८०० घेऊन आले. सेट, मागच्या सीटमागे छोटा अँप, सगळं मीच बसवलेलं. काका एके काळी गाणं शिकलेले. म्हणाले, “अरे, गाडी उभी असताना तुझा सेट गंधार धरतो, आणि पाय दिला की सुटतो तो वरच. कुठे टेकतच नाही.”

मी त्यांना अल्टरनेटर समजावला. त्यात तयार होणारा एसी करंट सहा डायोड सरळ करतात, पण थोडी लहर उरतेच. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतं तेव्हा अल्टरनेटर त्याच्या अडीच-तीन पट फिरतो आणि ती लहर हजार हर्ट्झच्या वर कुठेतरी, ऐन कानात येते. फेरे १६०० झाले की बरोबर एक सप्तक वर. “म्हणजे तार गंधार!” काका खूश. शिट्टी मात्र तशीच.

आवाज पूर्ण बंद केला, तरी वाजतच होती; म्हणजे ती सेटच्या पुढे कुठेतरी शिरत होती. सेटकडून अँपकडे गाणं आणणाऱ्या आरसीए वायरींच्या पिना अँपमधून उपसल्या, एकदम गप्प. अँप चांगला होता. मग बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर खिडकीतून आत घेतली, मीटरची एक पिन तिला आणि दुसरी अँपच्या अर्थला लावली. इंजिन चालू. काकांना हेडलाइट लावायला सांगितले, तसा आकडा हलला.

गाडीचा पत्रा हीच परतीची वायर असते. सेटची अर्थ डॅशबोर्डमागे, अँपची मागे. दोन्ही एकाच पत्र्यावर, पण मधला जोड खराब असेल तर दोन्हींत थोडा व्होल्टेजचा फरक पडतो. मग करंट आरसीएच्या वरच्या जाळीतून वाट काढतो, आणि अँप त्याला गाणं समजून मोठा करतो. अशा वेळी बाजारात मिळणारा नॉइज फिल्टर लावून देणारे पुष्कळ आहेत. सुरुवातीला मीही लावले आहेत.

अँपच्या अर्थचा बोल्ट खोलला. वायरीच्या टोकाच्या थिंबलखाली पत्रा गुळगुळीत, पांढरा. रंग! मी रंगावरच बोल्ट आवळला होता. चूक माझी, आणि ती काकांच्या देखत उघडी पडली. थिंबलएवढी जागा पॉलिश पेपरने घासली. रंग गेला, खालचा तांबूस प्रायमर गेला, मग पत्रा चकाकला. दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. पुन्हा हेडलाइट लावले. आकडा हलला नाही.

काकांनी पेनड्राइव्ह लावला. पंडित कृष्णराव शंकर पंडितांचं गाणं, मुलाने जुन्या कॅसेटवरून उतरवून दिलेलं. त्यांनी रेस दिली, सोडली, परत दिली. शिट्टी नाही. मग कान पुढे करून म्हणाले, “अजून बारीक सळसळ आहे रे.”

“ती कॅसेटची आहे, काका. सेट बसवून घालवायची म्हटली तरी जाणार नाही.”

“मग असू दे,” म्हणत त्यांनी काच वर केली.