प्रत मिळाली

मनाई हुकमाच्या अर्जाची प्रत समोरच्या वकीलसाहेबांनी आज दुपारीच बार रूममध्ये हातात दिली. सुनावणी परवा. जोडलेले सातबारे स्वच्छ वाचता येतील असे, पानांवर आकडेही घातलेले. कोपऱ्यात ‘प्रत मिळाली’ लिहून मी तारीख घालून सही केली. फार बरं वाटलं.

आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम होऊ नये म्हणून कॅव्हेट आम्ही लावलेलंच होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ प्रमाणे ते ९० दिवस टिकतं, अर्जदाराला प्रत द्यावीच लागते. पण पुकाऱ्याच्या तोंडावर प्रत टेकवणारेही असतात. मग अशिलाला विचारायचं कधी?

अर्ज आमचा असला की माझेच अशील म्हणतात, ‘मॅडम, त्यांना आधी कशाला कळू द्यायचं?’ त्यांची धास्ती कळते मला. तरी मी प्रत आधीच देते. समोरच्याचं म्हणणं तयार नसलं की तारीख पडते, आणि एसटीचं भाडं पुन्हा माझ्या अशिलांनाच भरावं लागतं.