उजवीकडे थोडे अधिक

आम्ही दोघे भाऊ. थोरला वसईला, धाकटा कॅनडात, टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरी. हा लेख कागदावर एकानेच उतरवला असला तरी दूरध्वनीवर वाचून दोघांनी तो मान्य केला आहे. म्हणून येथे 'आम्ही' असेच म्हणतो. तसे म्हणण्याची सवय मात्र आमची सत्तावीस वर्षे सुटली होती. ती पुन्हा कशी लागली, त्याची ही हकीकत. एका मोटारीच्या पोटाखाली, पाठीवर पडल्या-पडल्या ती घडली हे वाचून वाचकांना हसू येईल. येऊ द्यावे, आता आम्हांलाही येते.

२०२३ च्या जूनमध्ये धाकट्याच्या मुलाने थोरल्यासाठी विमानाचे तिकीट पाठवले. "काका, एकदा या," एवढेच लिहिले होते. थोरल्याने जन्मभर सरकारी बसगाड्यांच्या कार्यशाळेत फिटर म्हणून काम केलेले. निवृत्त होऊनही हाताचा ग्रीसचा वास गेला नव्हता. मुलाच्या आमंत्रणामागे काय आहे, हे तेथे पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी कळले. गॅरेजमध्ये एक काळी पिकअप गाडी उभी होती. फोर्ड कंपनीची, २००१ सालची, 'लाइटनिंग' नावाची. पिकअप म्हणजे पुढे बसायची खोली आणि मागे सामानाचा उघडा हौदा. आपल्याकडे असल्या गाडीतून भाजी जाते, केळीचे घड जातात. ही गाडी मात्र धावण्यासाठीच घडवलेली. घरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या ओकव्हिल गावच्या कारखान्यात तिचा जन्म झाला. तो कारखाना २००४ साली बंद पडला. पोटात ५.४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, त्यावर हवा दाबून भरणारा सुपरचार्जर, आणि ताकद ३८० अश्वशक्ती.

पण या ताकदीचे करायचे काय, हाच प्रश्न होता. केयुगा गावाजवळ पाव मैलाची शर्यतीची धावपट्टी आहे. सरावाच्या दिवशी तेथे कोणीही पैसे भरून, शिरस्त्राण घालून आपली गाडी पळवू शकतो. मुलाने तेथे पहिल्यांदा गाडी जोराने सोडली तेव्हा ती पुढे जाण्याऐवजी मागच्या चाकांवर धाडधाड उड्या मारू लागली. तिसऱ्या खेपेस प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला आणि शाफ्ट खाली लोंबकळला. गाडी वेगात असताना तो जमिनीत रुतता तर काय झाले असते, ते सांगायला नको. मुलाची आई त्या दिवसापासून गाडीकडे पाहातसुद्धा नव्हती. धाकटा गाडी विकायला निघाला होता. मुलाने वर्षभराच्या कमाईतून मागच्या चाकांना पकड देणारे दांडे विकत आणून ठेवले होते. तेथे त्यांना ट्रॅक्शन बार म्हणतात. खोके मात्र न उघडता तसेच पडून होते. बापाचा विरोध, स्वतःला अनुभव नाही. म्हणून काकांना तिकीट!

थोरला गाडीखाली शिरला आणि म्हणाला, "अरे, हे तर आपले पाटेच!" खरोखरच, एवढ्या वेगवान गाडीच्या मागच्या बाजूला आपल्या मालमोटारींना असतात तसेच पोलादी पाटे होते. रोग समजायला मग वेळ लागला नाही.

तो रोग असा. इंजिनाचा पीळ पहिल्या गिअरमध्ये २.७१ पट होतो, मागच्या डिफरन्शियलमध्ये आणखी ३.७३ पट, म्हणजे चाकांपर्यंत पोचेतो तो दहापट झालेला असतो. चाके पुढे फिरू लागली की चाकांचा ॲक्सल स्वतः उलट्या दिशेने वळू पाहतो. जात्याचा खुंटा जोराने ओढला की जाते जागचे हलू पाहते, तसे. ॲक्सलला धरून ठेवणारे दुसरे काहीच नाही, फक्त पाटे. ते बिचारे वजन पेलण्यासाठी केलेले. पीळ बसला की इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वाकतात. डिफरन्शियलचे नाक वर उचलले जाते. मग पाट्यांची सहनशक्ती संपते, ते झटक्याने सरळ होतात, चाके जमिनीवरून सुटतात, पुन्हा टेकतात, पुन्हा पाटे वाकतात. हाच तो धाडधाड आवाज. त्यातून हौदा रिकामा, मागच्या चाकांवर वजन थोडे. तुटतो तो क्रॉस. पण त्याचा दोष काहीच नसतो.

दांड्यांचे काम एवढेच की ॲक्सलला वळू द्यायचे नाही. प्रत्येक बाजूला एक दांडा. मागचे टोक ॲक्सलच्या खाली यू-बोल्टांच्या पट्टीला, पुढचे टोक चौकटीला. ॲक्सल वळू लागला की त्याचा तळ पुढे सरकू पाहतो आणि दांडा त्याला मध्येच अडवतो. पण खड्डा आला तर ॲक्सलला वरखाली व्हायला मोकळीक हवी. नाहीतर पाट्यांचा उपयोगच संपला. म्हणून दांड्याची टोके गोल गुडघ्यासारख्या सांध्यांवर आणि पुढचा भाग एका झुलत्या कडीवर बसवलेला असतो. वळायला बंदी, वरखाली व्हायला परवानगी. हे दोन्ही एकाच वेळी साधले तरच दांडा चांगला.

धाकट्याने विरोध सोडला नाही, पण थोरला भाऊ वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी एकटा गाडीखाली पडलेला पाहून त्यालाही बाहेर उभे राहवेना. जुने कपडे घालून तोही आला. तेथील हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने यू-बोल्टांचे नट असे गंजले होते की पहिला दिवस तेल सोडण्यात आणि वाट पाहण्यात गेला. दुसऱ्या दिवशी बोल्ट कापावेच लागले. थोरल्याला त्याचे दुःख नव्हते. एकदा ताणून बसलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये, हे तो कार्यशाळेत पोरांना जन्मभर सांगत आला होता. नवे बोल्ट आणले, आलटून-पालटून समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत नेले. या सर्व काळात आमच्यात "तेरा नंबरचा पाना दे" आणि "हा घे" यांपलीकडे बोलणे झाले नाही.

पहिली चूक आम्ही दोघांनी मिळून केली. चौकट लोखंडी घोड्यांवर टेकवून, चाके अधांतरी असतानाच दांड्यांची लांबी ठरवली आणि नट आवळून टाकले. गाडी खाली उतरवली तेव्हा पाटे वजनाने सपाट झाले, ॲक्सल आपल्या जागी यायला निघाला आणि दांडे ताठ उभे. गाडी चालवली तर साध्या गतिरोधकावरही दगडासारखा दणका. सगळे पुन्हा सैल केले. चाकांखाली उतरंडीचे लाकडी ठोकळे देऊन, गाडीचे सारे वजन तिच्याच चाकांवर ठेवून, मुलाला चालकाच्या जागेवर बसवून माप घेतले. भार अंगावर नसताना केलेले माप भार आल्यावर टिकत नाही, हा धडा तेथे मिळाला. मग कोनमापक लावून डिफरन्शियलचे नाक पाहिले. शाफ्टच्या रेषेपेक्षा ते दोनएक अंश खाली झुकलेले ठेवले, म्हणजे जोर आल्यावर थोडे उचलून ते रेषेत येईल.

त्या शनिवारी केयुगाला गेलो. गाडी सुटली, उड्या बंद! मुलाची आईसुद्धा कठड्याशी उभी होती, तिने सुस्कारा सोडला. पण गाडी सरळ गेली नाही. सुटताक्षणी ती उजवीकडे झुकली, मुलाने सावरली. दुसऱ्यांदाही तेच. धावपट्टीला दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती. धाकटा म्हणाला, "बस्स, पुरे झाले."

रात्री पुन्हा गॅरेज. धाकटा हिशेबनीस माणूस. त्याने दोन्ही दांडे स्वतः मोजले होते, दोरीइतकाही फरक नव्हता. "दोन्ही बाजू अगदी समान आहेत. मग दोष कुठे आहे?" थोरला म्हणाला, "समान आहेत, हाच दोष."

मग त्याने सांगितले ते असे. प्रोपेलर शाफ्ट फिरताना ॲक्सलला फक्त मागेच पिळत नाही, आडवेही पिळतो. मागून पाहिले तर शाफ्ट डावीकडे फिरतो. त्यामुळे डावे चाक जमिनीवर दाबले जाते आणि उजवे हलके होते. डाव्याची पकड अधिक, उजव्याची कमी. म्हणून गाडीचे तोंड उजवीकडे वळते. हे कोणी बिघडवलेले नाही, यंत्राच्या रचनेतच आहे. म्हणून उजवा दांडा किंचित लांब करून आधीच थोडा दाब देऊन ठेवायचा. दांड्याच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे, त्यामुळे न काढता, जागच्या जागी पान्याने फिरवून तो लांबवता येतो. एका वेळी नटाची एकच बाजू, म्हणजे एकषष्ठांश फेरा. मग धावून पाहायचे, मग पुन्हा एक बाजू.

धाकटा गाडीखालीच होता. पाना हातात, फिरवीना. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "दादा, बाबांनी जू सरकवले होते, आठवते?"

आठवत होते. आमच्या लहानपणी वाडीतल्या गाडीला दोन बैल होते. त्यांतला उजवीकडचा म्हातारा झाला तेव्हा बाबांनी जुवाला दांडी बांधायची जागा मध्यावरून सोडवली आणि तरण्या बैलाच्या बाजूला चार बोटे नेऊन बांधली. म्हाताऱ्याच्या वाटची बाजू लांब झाली, म्हणजे त्याच्या मानेवरचा भार हलका झाला. शेजारी हसले, की मास्तर, तुमचे जू तिरपे बसले आहे. बाबा म्हणाले होते, "जू तिरपे असू दे, गाडी सरळ जाते ना?"

याच बाबांनी १९९६ साली वाडीची वाटणी केली तेव्हा विहिरीकडचे दोन गुंठे थोरल्याला अधिक दिले होते. धाकटा दोन वर्षांपूर्वीच कॅनडाला आलेला. आई अंथरुणाला खिळलेली. तिचे करणे, औषधपाणी, रात्रीचे जागरण थोरल्याच्या घरावर. बाबांनी कारण सांगितले नाही, थोरल्याने सांगायची तसदी घेतली नाही, धाकट्याने विचारले नाही. भांडण असे झालेच नाही. पत्रे थांबली. पुढे नाताळला आणि ईस्टरला दूरध्वनी, "बरे आहात ना?", "बरे आहोत," आणि संपले. भाऊ असून सत्तावीस वर्षे आम्ही एकमेकांची प्रकृती तेवढी विचारत राहिलो.

"दोन गुंठ्यांचे मला काही नव्हते," धाकटा गाडीखालून म्हणाला. "बाबांनी मला कमी मोजले, असे वाटत राहिले."

आता वाचकांना वाटेल की थोरला जिंकला. तसे नाही. थोरल्याला त्याच वेळी आपल्याच बोलण्यातली दुसरी बाजू दिसली. जादा दाब द्यायचा तो भारासाठी. आई २००३ साली गेली, बाबा २००४ साली. उजवीकडचा भार कधीच उतरला होता. जादा दोन गुंठे मात्र थोरला वीस वर्षे हक्काने वापरीत होता, आणि त्याचे कारण धाकट्याला समजावणे त्याला कमीपणाचे वाटत होते. भार बदलला की माप पुन्हा घ्यावे लागते. त्याने ते घेतले नव्हते. हे त्याने तेथेच, अंगावर गंजाचा भुगा पडत असताना, बोलून दाखवले. धाकटा काही म्हणाला नाही. त्याने पाना लावला आणि उजवा दांडा नटाच्या एका बाजूइतका फिरवला.

तेवढे पुरले नाही. पुढच्या शनिवारी केयुगाला आणखी एक बाजू फिरवली, मग आणखी अर्धी. त्यानंतर गाडी सुटली ती पट्टीच्या मध्यावरून, शेवटपर्यंत सरळ. पहिल्या ६० फुटांचा वेळही कमी झाला होता. पण कठड्याशी उभ्या असलेल्या आईने कागदावरचा आकडा पाहिला नाही, मुलगा खाली उतरला तेवढे पाहिले. लॉकनट आवळण्यापूर्वी थोरल्याने त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. नट सैल झाला तर रेघ तुटते आणि लगेच कळते. शंभर मैलांनंतर सारे बोल्ट पुन्हा तपासायचे, टायर बदलले किंवा चालक बदलला तर दांडे पुन्हा लावायचे, असे मुलाला बजावले.

थोरला वसईला परत आला. विहिरीकडच्या त्या जागेवर धाकट्यासाठी दोन खोल्या बांधायचे ठरले. २०२४ च्या डिसेंबरात त्यांत पहिला दिवा लागला. खोल्यांचे दार कोणत्या दिशेला असावे यावरून आमचे दूरध्वनीवर चांगले तीन वेळा भांडण झाले. मोठ्या आवाजात झाले. सत्तावीस वर्षांत जे बोलायचे राहिले होते, त्यातले थोडेसे त्यात निघून गेले.

मुलगा अजून अधूनमधून गाडीच्या पोटाखालचे छायाचित्र पाठवतो. आम्ही दोघे आपापल्या घरी चष्मा लावून ते मोठे करून पाहतो. पांढरी रेघ अजून जुळलेली आहे.