दोनशे रुपयांची भुते

जळगावच्या गोलाणी मार्केटात आम्ही गेलो होतो ते मोबाइलची फुटलेली काच बदलून घेण्यासाठी. परतलो ते भुतांची पिशवी घेऊन. एका दुकानदाराने चित्रपटांच्या तबकड्यांचा जुना धंदा गुंडाळावयास काढला होता. त्याच्या कोपऱ्यातला रामसे बंधूंच्या भयपटांचा गठ्ठा, मोजून अकरा चित्रपट, दोनशे रुपयांस आमच्या पदरी पडला. आमच्या वयाच्या गृहस्थाने असली खरेदी करावी हे सभ्य वाचकांस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु धुळ्यास आमचे वडील बंधू अण्णा राहतात, आणि या खरेदीचे मूळ त्यांच्यापाशी आहे.

सन 1985 च्या उन्हाळ्यात अण्णांनी आम्हांस धुळ्यात 'पुराना मंदिर' दाखविला. चित्रपट आदल्या वर्षीचा. आम्ही अकरा वर्षांचे, अण्णा अठरांचे, आणि बाहेर पाटी केवळ प्रौढांसाठी अशी! द्वाररक्षकाने आमच्याकडे न पाहता तिकिटांकडे पाहिले, एवढेच. सामरी नावाच्या दुष्टाचे शिर राजाने धडावेगळे करविलेले. शिर पेटीत, धड मंदिरामागे पुरलेले. आणि दोनशे वर्षांनी ती दोन्ही पुन्हा एकत्र येणार, अशी कथा. तो क्षण जवळ येताच अण्णांनी आमच्या डोळ्यांवर आपला तळहात ठेवला. त्या हाताला भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येत होता. सामरी आम्हांस ठाऊक झाला तो केवळ कानांनी. परतताना पांझरेच्या पुलावर अण्णांनी त्याचे वर्णन केले: डोळ्यांच्या जागी निखारे, नखे कोपरापर्यंत. पुढे कित्येक रात्री आम्ही पांघरुणाबाहेर पाय काढला नाही.

आज अण्णांस काचबिंदूने गाठले आहे. उजेड आणि काळोख एवढाच भेद त्यांस कळतो. तबकड्यांची पिशवी आणि जुने यंत्र मांडीवर घेऊन एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्यास जाताना, आंधळ्या माणसास चित्रपट दाखविण्यास निघालो आहोत हे आम्हांस पारोळा ओलांडल्यावर उमगले. तोवर परतण्यास उशीर झाला होता.

तीन दिवस आमचे हे पारायण चालले. स्वस्ताईचे फळ पहिल्याच संध्याकाळी मिळाले. 'पुरानी हवेली'च्या पाकिटातून भक्तिगीतांची तबकडी निघाली; ती वहिनींनी ठेवून घेतली. 'वीराना'चा (1988) केवळ पूर्वार्ध होता; अण्णांनी उत्तरार्ध स्वतः रचून सांगितला, आणि तो मूळ चित्रपटाहून वाईट असेल असे आम्हांस वाटत नाही. 'सामरी' (1985) हा त्रिमितीचा चित्रपट. चित्रगृहात देत ते चष्मे अर्थातच पिशवीत नव्हते. त्यामुळे पात्रे निष्कारण आपल्या अंगावर हात उगारतात आणि आपण त्यांची कीव करीत बसतो. 'महाकाल' म्हणजे अमेरिकेतील 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'ची उसनवारी. तो आम्ही अर्ध्यावर बंद केला. विनोदाच्या नावाखाली मध्येच घुसडलेल्या प्रवेशांविषयी न बोललेले बरे. 'पुराना मंदिर'सारख्या चांगल्या कथेतही जगदीपचे 'शोले'चे विडंबन येऊन बसावे, हे दुर्दैव होय.

तरीही ज्यांनी हे उभे केले त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर वाढला, हे कबूल केले पाहिजे. रामसिंघानी हे मूळ नाव. कराचीत रेडिओचे दुकान. इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेवर त्याचे रामसे झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईस आले. 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (1970) पडला, परंतु त्यात मुखवटा घालून दरोडा घालणाऱ्या पृथ्वीराज कपूरांस पाहून प्रेक्षक दचकतात, हे मुलांनी हेरले. मग सारे कुटुंब महाबळेश्वरास गेले आणि थोडक्या पैशांत 'दो गज जमीन के नीचे' (1972) करून आले. तुलसी व श्याम यांचे दिग्दर्शन, गंगूचा कॅमेरा, किरणचा ध्वनी: सात भावांनी घरचे कार्य असावे तशी कामे वाटून घेतली होती.

या ध्वनीचे मोल मात्र आम्हांस अण्णांनी शिकविले. तबकडीवर काळोखाचे प्रसंग उमटत नाहीत. काळ्या-करड्या चौकोनांचा खच पडतो, आणि मुखवट्याची कड नेमकी उजेडात दिसते. आम्ही जांभया देत होतो. शेजारी अण्णा मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. दार करकरले की त्यांची मान वळे. “हे दार लाकडाचे, पण बिजागरी गंजलेली आहे,” ते म्हणत. वारा, घुबड, लांबून येणारी पावले, यांतले काहीही त्यांस स्वस्त वाटले नाही. डोळसांनी या चित्रपटांस हसावे हे ठीक. पण त्यांची खरी पुंजी ज्या बाजूस होती, तिकडे आम्ही कधी लक्षच दिले नव्हते.

शेवटच्या रात्री 'पुराना मंदिर' लावला. शिर आणि धड एक होण्याचा प्रसंग आला. अण्णा घरच्या अहिराणीत म्हणाले, “आते काय दिखस रे बापू?”

पडद्यावर अजय अगरवाल उभे होते. शिक्षणाने अभियंते, उंच, लांबोळक्या चेहऱ्याचे. हे अण्णांस कसे सांगावे? आम्ही म्हणालो, “डोळ्यांच्या जागी निखारे आहेत, अण्णा. नखे कोपरापर्यंत.”

अण्णा मोठ्याने हसले. “अरे, हे तर मीच तुला सांगितले होते. त्या दिवशी माझेही डोळे मिटलेले होते. एक हात तुझ्या डोळ्यांवर, एक माझ्या. आता खरे सांग.”

आम्ही तबकडी मागे नेली आणि तो प्रसंग पुन्हा लावला. “उंच आहे. केस पिंजारलेले.”

“आणि डोळे?”

“डोळे माणसाचेच आहेत, अण्णा.”

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग आवाज वाढव म्हणाले.