तिच्या मापाची सायकल

पावसाळा सरता सरता आमच्या धर्मग्रामातील एक तरुण माझ्याकडे आला. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला पत्नीला डोंगरावर चालणारी सायकल द्यावी, अशी त्याची इच्छा होती. गाठीशी जेमतेम पंधरा हजार रुपये. सेमिनरीच्या दिवसांपासून मी सायकलवर हिंडलेला, म्हणून हा सल्ला माझ्या वाट्याला आला.

दुकानदाराने त्याला पुढेमागे स्प्रिंगा असलेली चकचकीत सायकल दाखवली होती. मी म्हटले, "स्वस्त सायकलीची मागची स्प्रिंग नुसते वजन वाढवते, चढणीवर पायांतले बळ खाते. साधी, हलकी, चांगल्या ब्रेकची घे. हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढ."

त्याला थोडे ओशाळल्यासारखे झाले. मग मी सांगितले की, १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील टॅमाल्पाइस डोंगरावर काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली डागडुजी करून उतारावर पिटाळल्या आणि त्यातूनच ही सायकल घडत गेली. काटकसर तिच्या जन्मातच आहे.

"बरे, तिची उंची किती?" मी विचारले. तो गप्प झाला. फ्रेम त्याने स्वतःच्या उंचीवर बेतली होती. अशा सायकलवर तिचे हात ताणले असते, थांबताना पाय जमिनीला टेकले नसते. महिन्याभरात ती भेट भिंतीला टेकली असती.

अखेर दोघे मिळून दुकानात गेली. विवाहपूर्व मार्गदर्शनात मी वर्षानुवर्षे प्रेमावर बोलत आलो आहे. आता तेथे एक प्रश्न वाढवला आहे: "तिची उंची किती?"