टोपी न काढणारा माणूस

लंडनच्या ट्रफल्गार चौकात उंच खांबावर नेल्सन आहे. त्याच्या पायाशी दक्षिणेच्या दोन चौथऱ्यांवर दोन सेनापती उभे आहेत. एक १८४३ मध्ये सिंध जिंकणारा चार्ल्स नेपियर, दुसरा १८५७ मध्ये कानपुरात नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवणारा हेन्री हॅवलॉक. या शहरात राहायला आल्यावर मी पहिल्यांदा चौकात गेले, ती हॅवलॉकपाशीच थबकले. आम्ही शाळेत ज्याच्याविरुद्ध मनातल्या मनात लढलो, तो इथे वीरपुरुष होता. राष्ट्र आपली गोष्ट कशी सांगतं, हे मला तिथे पुस्तकापेक्षा स्वच्छ दिसलं.

वायव्येचा चौथरा १८४१ मध्ये चौथ्या विल्यमच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी बांधला होता. पैसे पुरले नाहीत आणि दीडशेहून जास्त वर्षं तो मोकळाच राहिला. १९९९ पासून त्यावर आजच्या कलाकारांची शिल्पं आलटूनपालटून ठेवतात. निवडीची रीत मला मनापासून पटते. आधी मोजक्या कलाकारांच्या प्रस्तावांच्या छोट्या प्रतिकृती लोकांपुढे मांडतात, मतं मागवतात. अंतिम निर्णय समितीचाच, पण शिल्प घडायच्या आधी ज्यांचा चौक आहे त्यांना विचारलेलं असतं.

२०२१ च्या उन्हाळ्यात नॅशनल गॅलरीत अशा सहा प्रतिकृती होत्या. तोंडाला मास्क लावून आम्ही सगळे त्यांच्याभोवती फिरत होतो. घानाच्या इब्राहिम महामाने स्वातंत्र्यानंतरच्या आशेने बांधलेल्या धान्याच्या कोठारांची आठवण काढली होती. मेक्सिकोच्या तेरेसा मार्गोयेस यांना शेकडो ट्रान्स व्यक्तींच्या चेहऱ्यांचे साचे मांडायचे होते. मी मात्र मलावीच्या सॅमसन कंबालूच्या ‘अँटिलोप’पाशी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले.

त्याचा आधार १९१४ चा एक फोटो आहे. जॉन चिलेम्ब्वे हा आफ्रिकी धर्मोपदेशक आणि त्याच्या शेजारी जॉन चोर्ली हा गोरा मिशनरी. गोऱ्यांसमोर आफ्रिकी माणसाने टोपी घालायची नाही, असा तेव्हा दंडक होता. चिलेम्ब्वेने रुंद काठाची टोपी घातली आहे, तीही जराशी तिरकी. पुढच्याच वर्षी त्याने इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला आणि तो मारला गेला. त्याचं चर्चही पाडलं. कंबालूने चोर्लीला माणसाच्या उंचीचा ठेवला आणि चिलेम्ब्वेला त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा केला. घोषणा नाही, तलवार नाही, फक्त मापं बदलली. मी घरी येऊन त्याच्या बाजूने मत नोंदवलं. कारण दिलं की हॅवलॉक आणि नेपियर यांच्याशी याच भाषेत बोलायला हवं: जागेवरून हुसकावून नव्हे, समोर उभं राहून. ‘अँटिलोप’ आणि मार्गोयेस यांचं काम, दोन्ही निवडली गेली. ‘अँटिलोप’ २०२२ च्या सप्टेंबरमध्ये चढलं.

पुढच्या उन्हाळ्यात नाशिकहून आत्या आली होती. मी तिला टोपीची हकिगत सांगितली. ती बराच वेळ वर बघत म्हणाली, “आपल्याकडे तरी काय वेगळं होतं गं? कुणी फेटा बांधायचा, कुणी वाड्यावरून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्यायच्या, ते जातीवरच ठरायचं की.” शेजारी एक आफ्रिकी आजोबा नातवाला तेच शिल्प दाखवत होते. आत्याने त्यांना इंग्रजीत विचारलं, तुम्ही कुठले? झांबियाचे निघाले. मग दोघांचं आपापल्या गावांवरून बोलणं सुरू झालं आणि मी नातवाला आइस्क्रीम आणायला गेले. चौकातल्या कलेकडून मला हेच हवं असतं. तिच्यापाशी परकी माणसं एकमेकांना आपला देश समजावून सांगू लागावीत.

२०२४ मध्ये पुन्हा प्रतिकृती मांडल्या, या वेळी सात. मी चिला कुमारी सिंग बर्मन यांच्या सजवलेल्या आइस्क्रीमच्या गाडीला मत दिलं. पंजाबहून आलेले त्यांचे वडील लिव्हरपूलच्या बाजूला आइस्क्रीमची गाडी चालवत. ब्रिटन कुणी घडवलं, याचं याहून खरं उत्तर मला सुचत नाही. समितीने २०२६ साठी चाबलाला सेल्फ यांची ‘लेडी इन ब्ल्यू’ निवडली, रस्त्याने ताठ मानेने चालणारी एक कृष्णवर्णीय तरुणी. ती मलाही आवडली आहे. पण पुढच्या खेपेला भारतीय वंशाच्या कुणाचा प्रस्ताव आला, तर मी इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आधीच लिहिणार आहे: सगळ्यांनी प्रत्यक्ष जाऊन बघा आणि मत नोंदवा.