मळ्यात चक्की टाकणाऱ्या भाचीस

पर्वत पाटिया, सुरत

चि. सौ. ताई,

आखाजीला तू माहेरी आली नाहीस म्हणून दादा जरा खट्टू होता. मी म्हटलं, ऐन मिरचीच्या दिवसांत चक्की बंद ठेवून झोके खेळायला कोण येईल? तू पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघितला. चक्की, शेजारी कांडप, भिंतीवर हळदी-कुंकवाची बोटं, सगळं झकास. पण तुझ्या पाठीमागे मोटरचा पट्टा उघडा फिरत होता आणि तू वाकून सुपातले गहू ओतताना पदर खांद्यावरून सुटा लोंबत होता. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. फोनवर सांगितलं तर ‘हो फुई, हो फुई’ करून ठेवून देशील, म्हणून कागदावर लिहिते. कागद घरात राहतो.

जावईबापू इकडे उधन्याला संच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, बारा तासांची पाळी करतात. तू तिकडे मळ्यात, सोबतीला सासूबाई, आणि त्यांना ऐकू कमी. म्हणजे चक्की चालू असताना तू एकटीच धरायची. दादाला काळजी आहे चोराची, रात्रीची, वाईट नजरेच्या माणसाची. ती काळजी खोटी नाही, तिच्याबद्दलही लिहीन. पण मला विचारशील तर पहिला नंबर पट्ट्याचा, दुसरा लाइटचा. माणसं तिसऱ्या नंबरावर.

पट्ट्याचं गणित मी करून बघितलं. मोटरच्या पाटीवर १४४० लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, सेकंदाला २४. पुली पाच इंची धरली तर घेर साधारण ४० सेंटिमीटर. एका सेकंदात साडेनऊ मीटर पट्टा पळतो. मी दिवसभर साड्याच हाताळते. इथली साडी ब्लाउजपीस धरून ६ मीटर ३०. पदराचं टोक पुलीत गेलं की अख्खी साडी गुंडाळायला तिला पुरता एक सेकंदही लागणार नाही. ‘पदर अडकला तर ओढून घेईन’ म्हणणाऱ्या बाईला ओढायला वेळ कुठून मिळणार?

तू म्हणशील, पदर खोचते की मी. खोचतेस, माहीत आहे. पण गावातले कुणी जेठ, कुणी चुलतसासरे दळण घेऊन दारात आले की हात आपोआप डोक्याकडे जातो आणि खोचलेला पदर सुटतो. ही सवय तुझी एकटीची नाही, आपल्या सगळ्या खानदेशाची आहे, आणि एका पत्राने ती जायची नाही. म्हणून उपाय असा कर. कापूस वेचायला जाताना बाया साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात ना, तसा शर्ट चक्कीवर घाल. पदर शर्टाच्या आत, बाह्यांची बटणं लावलेली, मंगळसूत्र आत. डोक्याला रुमाल घट्ट बांध, केस त्यात. डोकंही झाकलं जातं आणि सासूबाईंना बोलायला जागा राहत नाही. त्याच रुमालासोबत दुसरा एक नाकातोंडावर बांध. नंदुरबारची मिरची कांडताना तू खोकत होतीस ते व्हिडिओत ऐकू आलं.

आता लाइट. हे नीट वाच.

मळ्यातली वीज कधी जाईल आणि कधी येईल याला धरबंध नाही. समज, तू दळत असताना लाइट गेली. चक्की थांबली, तोंडाशी गहू अडकले. तुला वाटलं, आता बंदच आहे तर मोकळं करून घेऊ. हात आत घातला, आणि तेवढ्यात लाइट आली. बटण चालूच राहिलं असेल तर चक्की तुला विचारून सुरू होणार नाही. साधा पुश-बटण स्टार्टर असेल तर वीज गेली की तो आपोआप पडतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. ही त्याची सगळ्यात मोठी सोय. पण आपल्याकडे विहिरीच्या मोटरींना ‘ऑटो’ बसवायची पद्धत पडली आहे. रात्री-अपरात्री लाइट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी तो बसवतो, आणि त्याचं चूक आहे असं मी म्हणत नाही; रात्री थंडीत साप-विंचवातून विहिरीवर जाण्यापेक्षा ते बरं. मात्र तोच वायरमन तुझ्या चक्कीची जोडणी करायला आला असणार. हाताच्या सवयीने त्याने तिथेही ऑटो बसवला नाही ना, ते आधी बघ. बसवला असेल तर आजच काढायला लाव. चक्कीला ऑटो म्हणजे हात कापायचा करार.

आणि काही अडकलं, दगड उघडायचा झाला, टाकी लावायची झाली, पट्टा चढवायचा झाला, तर आधी स्टार्टर बंद, मग मेन स्विच बंद, मग फ्यूजची किटकॅट उपसून कनवटीला लाव. किटकॅट तुझ्याजवळ असेपर्यंत सासूबाईंनी, शेजारच्या पोराने, कुणीही बटण दाबलं तरी काही होणार नाही. कारखान्यांत लोक मशीनला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवतात, त्यातलाच हा घरगुती प्रकार. पट्टा घसरतो म्हणून चालू पट्ट्यावर राळ चोळणारे उस्ताद तुला भेटतील. त्यांची बोटं मोजून मग त्यांचं ऐक.

मेन स्विचपुढे तू गव्हाची पोती रचली आहेस. उचल ती. स्विचपर्यंत आणि दारापर्यंत रस्ता मोकळा हवा, अंधारातही. आमच्याकडे २४ मे २०१९ला सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीत आग लागली. वरच्या मजल्यावर क्लासला आलेल्या पोरांना खाली उतरायला वाट उरली नाही, कितीतरी जणांनी वरून उड्या टाकल्या. २२ विद्यार्थी गेले. सरथाणा इथून लांब नाही. तेव्हापासून शेठचा टेम्पो साड्यांचं पोटलं टाकायला आला की मी ते दाराशी ठेवू देत नाही. टेम्पोवाला कुरकुरतो. कुरकुरू दे.

बोर्डावर ईएलसीबी आहे का ते विचार. तीस मिलिअँपिअरचा माग, तसंच सांग दुकानदाराला. ओल्या हाताने, फुटक्या वायरने करंट बसला तर तो लाइट तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्याला एकदा दाबून बघायचं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जा.

तुला वाटेल, फुईला कारखान्याचं वारं लागलं. लागलंय थोडं. इथे बाजूलाच सगळी संच्यांची खाती, मिली. १९४८च्या कारखाना कायद्यात फिरत्या भागांना आडोसा हवा असं कलम होतं; पट्टे-पुल्या चालू असताना त्यांना तेल घालायला, पुसायला बाईला लावू नये असंही होतं. मळणी यंत्रांनी इतके हात खाल्ले की १९८३ला धोकादायक यंत्रांसाठी केंद्राला वेगळा कायदा करावा लागला. पण तुझ्या एकटीच्या चक्कीवर इन्स्पेक्टर येणार नाही, आणि माझ्या घरात साड्यांना स्टोन चिकटवतानाही कुणी येत नाही. आपल्यासारख्यांसाठी अहमदाबादच्या इलाबेन भट्टांनी १९७२ला ‘सेवा’ ही बायांची संघटना काढली. घरी बसून काम करणाऱ्यांचा करार, क्रमांक १७७, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ला मंजूर केला, त्यामागे या बायांचा मोठा जोर होता. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. तेव्हा तूर्त मालकीण तू, कामगार तू, आणि इन्स्पेक्टरही तूच.

माणसांचं आता. मी इथे एकटी काम करते असं म्हणते खरी, पण माझ्या हातातून वाटी पडली तर वरची ओडिया बाई जिन्यातून विचारते. पावसाळ्यात खाडीचं पाणी चढायला लागलं की माझ्याआधी गल्लीला कळतं, आणि पोरं येऊन पोटली माळ्यावर चढवून जातात. भिंती पातळ आहेत, त्याचा त्रास होतो आणि त्याचाच आधारही आहे. अनोळखी माणूस दारात आला तर मी ‘अहो, कोण आलंय बघा’ असं आत तोंड करून म्हणते. घर रिकामं असलं तरी त्याला काय कळतंय? तुझ्याकडे ही युक्ती चालायची नाही. जावईबापू सुरतेला आहेत आणि कोणत्या गाडीने कधी येतात, हे दोंडाईच्याच्या स्टँडपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे नाटक करू नकोस, व्यवस्था कर. दाराला अर्धी फळी बसव. दळण फळीवर ठेवायचं, डबा फळीवरून न्यायचा. आत कुणीही येणार नाही, मग तो भाऊबंद असो की सरपंच. सगळ्यांना एकच नियम असला की कुणाला अपमान वाटत नाही. बाहेर सावलीत एक बाकडं टाक म्हणजे थांबणाऱ्यालाही सोय. चक्कीची वेळ पाटीवर लिही आणि दिवस मावळल्यावर ‘एवढं पायलीभर दळून दे’ म्हणून आलेल्याला सकाळी बोलव. पैसे फोनवर घे, गल्ल्यात चिल्लरच ठेव.

उधारी ठेवणाऱ्यांत एखादा असा निघतो की पैशांच्या निमित्ताने भलत्या वेळी येतो, रेंगाळतो, ‘एकटीला जमतं का गं’ म्हणून चौकशी करतो. त्याच्याबद्दल मनात वाईट आलं तर मनाचं ऐक. पुरावा गोळा करत बसू नकोस. उधारी सोडून दे आणि जावईबापूंच्या कानावर घाल, दादाच्याही घाल. ‘चक्की बंद कर’ म्हणतील या धाकाने बायका अशा गोष्टी गिळतात. दादा तसं म्हणाला तर मला फोन लाव, त्याच्याशी मी बोलते.

आता ज्यासाठी मला तुझं लेखी उत्तर हवं आहे ते. चक्की सुरू करताना मला मिस कॉल, बंद केल्यावर दुसरा मिस कॉल. पैसे लागत नाहीत. संध्याकाळचा आला नाही तर मी तुला लावीन. तू उचलला नाहीस तर शेजारच्या मळ्यात लावीन. मी इथून नंदुरबारच्याही पलीकडे धावत येऊ शकत नाही, म्हणून सायकलवर दहा मिनिटांत तुझ्या दारात पोचेल अशा माणसाचा नंबर मला हवा. शक्यतो घरात असणाऱ्या बाईचा; पुरुष शेतात असतात. तिला सांगून ठेव की चक्कीच्या आवाजाकडे कान दे. दाणे असले की आवाज जड असतो, रिकामी फिरायला लागली की किंचाळते. रिकामी चक्की कुणी फिरवत ठेवत नाही. तसा आवाज बराच वेळ आला तर तिने हातातलं टाकून यायचं. आणि फोन ओट्यावर चार्जिंगला लावून तू चक्कीवर, असं नको. शर्टाला खिसा आहे, त्यात ठेव. पोलिसांना ११२, ॲम्ब्युलन्सला १०८, सासूबाईंनाही लावायला शिकव.

सापाचं विसरतच होते. धान्य आलं की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेव. कोपऱ्यात हात घालण्याआधी बॅटरी मार. रात्री जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तिचा चावा दुखत नाही की सुजत नाही, आणि माणूस पहाटे पापण्या जड झाल्या म्हणून उठतो. शंका जरी आली तरी थेट सरकारी दवाखाना. बांधायचं नाही, कापायचं नाही, भगताकडे तर नाहीच.

पट्ट्याच्या आडोशाचं मी इथे उद्योगनगरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याशी बोलले आहे. जाळीचा पिंजरा करून देतो म्हणतो, बिजागरीचा, म्हणजे पट्टा बदलताना उघडता येईल. त्याला मापं हवीत: दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत लांबी, मोठ्या पुलीची उंची जमिनीपासून, आणि पट्ट्याची रुंदी. मापं चक्की बंद करून, किटकॅट काढून घे. जावईबापू येत्या अमावस्येला घरी येणार आहेत, त्यांच्यासोबत भुसावळच्या गाडीने पिंजरा पाठवते. चष्माही पाठवते, दगडाला टाकी लावताना डोळ्यात कचका उडतो. परत येताना त्यांच्याजवळ दोन किलो कळण्याचं पीठ दे. इथे ज्वारी-उडदाचं तसं कुणी दळून देत नाही.

सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी,
फुई