वर्ष नसलेले कागद

संग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नाणी, ताम्रपट, हस्तलिखिते अशा वस्तू येतात. त्या टिकाव्यात याच हेतूने घडवलेल्या असतात. मी ज्या कागदांचा संग्रह करते, त्यांचे आयुष्य त्यांच्या कर्त्यांनी फार तर आठवडाभराचे धरले होते. १९७५ नंतरच्या दहा वर्षांत इंग्लंड, पश्चिम बर्लिन आणि अमेरिकेतील प्रयोगशील व ‘इंडस्ट्रियल’ संगीतकारांनी आपल्या कार्यक्रमांसाठी काढलेली ही हस्तपत्रके आहेत. कार्यक्रम पार पडला की ती रस्त्यावर, गटारात, कचरापेटीत जात. जी उरली, ती कोणीतरी विसरला म्हणून उरली.

हे संगीत कानाला गोड वाटावे म्हणून रचलेले नव्हते. लंडनमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या चौघांच्या गटाने ध्वनिफितींचे तुकडे, विकृत केलेला आवाज आणि यंत्रांची घरघर यांतून आपले संगीत उभे केले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली आणि तिला ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ असे नाव दिले. त्या नावात उपरोध होता. संगीत हाही एक कारखानाच झाला आहे, तर तसे उघड म्हणू या, असा. उपरोध हळूहळू विरला आणि एका संस्थेचे नाव एका संगीतप्रकाराचे नाव होऊन बसले. शब्दाचा अर्थविस्तार कसा होतो, हे शिकवताना मला याहून नेटके उदाहरण क्वचितच सापडते. पश्चिम बर्लिनमध्ये १९८० साली उभ्या राहिलेल्या गटाने तर ‘आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन’, म्हणजे ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’, हेच नाव घेतले आणि भंगारातले पत्रे, स्प्रिंगा व ड्रिल यांना वाद्ये मानले.

पत्रकेही याच वृत्तीची होती. वर्तमानपत्रातून कापलेली अक्षरे, टंकलेखन यंत्रावरच्या ओळी, घासून उमटवायची तयार अक्षरे, एखादे धूसर छायाचित्र, हे सारे एका कागदावर चिकटवायचे आणि झेरॉक्स काढायची. हाताशी असलेले यंत्र बहुधा काळ्या रंगापलीकडे जात नसे, म्हणून रंग हवा असेल तर कागदच रंगीत घ्यायचा. हे सारे अडाणीपणातून येत होते असे मात्र समजू नका. थ्रॉबिंग ग्रिसलचा पीटर क्रिस्टोफरसन ‘हिप्नोसिस’ या नामवंत मुखपृष्ठ-संस्थेत काम करत होता. सुबक काम कसे करायचे हे त्याला ठाऊक होते. कागदाचा ओबडधोबडपणा ही त्यांची निवडलेली भाषा होती.

या भाषेचे एक वैशिष्ट्य भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला लगेच खुणावते. ‘मी’, ‘इथे’, ‘आज’, ‘उद्या’ या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याचे स्थळ आणि काळ कळल्याशिवाय लागत नाही. हस्तपत्रकाचा सारा मजकूर तसाच असतो. त्यावर वार असतो, तारीख असते, वेळ असते. वर्ष सहसा नसते. ते लिहिण्याची गरजच कोणाला वाटत नाही, कारण वाचणारा त्याच वर्षात उभा असतो. आपल्याकडच्या नाटकांच्या जाहिराती आठवून पाहा.

मग संग्राहकाने काय करायचे? वार आणि तारीख यांची सांगड घालायची. समजा, एका पत्रकावर ‘शुक्रवार, २९ मे’ एवढेच आहे. १९७० ते १९९५ या काळात २९ मे रोजी शुक्रवार फक्त चार वेळा आला: १९७०, १९८१, १९८७ आणि १९९२ साली. पत्रकावर थ्रॉबिंग ग्रिसलचे नाव असेल, तर १९७० बाद होते, कारण तेव्हा तो गट नव्हता. शेवटची दोन वर्षेही बाद होतात, कारण जून १९८१ मध्ये गटाने आपले काम थांबवल्याचे जाहीर केले आणि पुढची दोन दशके तो एकत्र आला नाही. उरले १९८१. सॅन फ्रान्सिस्कोच्या केझर पॅव्हिलियनमध्ये त्या पर्वातला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला तो नेमका याच दिवशी. पंचांग हाताशी घेऊन असा एखादा कागद त्याच्या वर्षात परत नेऊन बसवला की होणारा आनंद शिलालेखाचा काळ ठरवणाऱ्याच्या आनंदाहून वेगळा नसावा.

तरीही हस्तपत्रकावर फार विश्वास टाकू नये. काय होणार आहे हे ते सांगते. काय झाले हे त्याला ठाऊक नसते. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये ३ जानेवारी १९८४ रोजी नॉयबाउटेनच्या कलावंतांनी इतरांसह आवाज आणि यंत्रे यांची एक ‘मैफल’ योजली होती. प्रत्यक्षात ड्रिलने रंगमंचच फोडायला सुरुवात झाली आणि आयोजकांनी कार्यक्रम थांबवला. त्या दिवसाच्या निमंत्रणात यातले काहीही असणे शक्य नव्हते. निमंत्रण आणि वृत्तान्त हे दोन वेगळे वाङ्मयप्रकार आहेत, आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

अस्सल-नक्कल हा प्रश्नही इथे वेगळे वळण घेतो. ज्याची मूळ प्रतच झेरॉक्स, त्याचे अस्सल कोणते? काही खुणा असतात: स्टेपलच्या पिनेचा गंज, चिकटपट्टीचा पिवळा डाग, मागच्या बाजूला वाळलेली खळ. एका परिषदेसाठी बर्लिनला गेले होते, तेव्हा तिथल्या माउअरपार्कमधल्या रविवारच्या जुन्या बाजारात एक पत्रक हाती आले. कागद सपाट होता, एकही घडी नव्हती. पण त्यावर घडीच्या दोन काळ्या रेषा छापल्या गेल्या होत्या. म्हणजे ही नंतर काढलेली प्रत होती, हे उघडच होते. बाजाराच्या हिशेबाने तिला मोल नाही. तरी मी ती घेतली. त्या दोन रेषा सांगत होत्या, की पहिला कागद कोणीतरी चार पदरी दुमडून खिशात घातला होता, आणि नंतर त्याची प्रत काढावी इतका तो जपला होता. अस्सल कागदाने मला हे कदाचित सांगितले नसते.

हे कागद आता ठिसूळ होत चालले आहेत. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवले तर झेरॉक्सची शाई पाकिटालाच चिकटते आणि अक्षरे कागद सोडून जातात. म्हणून पॉलिस्टरचे पाकीट आणि आम्लरहित पुठ्ठा वापरावा लागतो. आठवडाभरासाठी जन्मलेल्या कागदाला इतके दिवस जगवणे त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे का, असे मनात येते. पण त्या लिहिणाऱ्यांनी आपल्याला डोळ्यांसमोर ठेवले नव्हते, म्हणूनच त्यांच्या शब्दांत आपल्यासाठी केलेली सजावट नाही. इतिहासासाठी लिहिलेल्या मजकुरात ही निर्धास्तता सापडत नाही.

तुमच्याही घरात जुन्या पेटीच्या तळाशी एखादे असे पत्रक असेल. ते सापडले, तर कुठे आणि कशासोबत सापडले याची नोंद करा, वार-तारखेवरून वर्ष शोधा. फक्त ते वर्ष कागदावर लिहू नका. मी ते पेन्सिलीने आतल्या पुठ्ठ्यावर लिहिते.